रस्त्याच्या अलीकडचं मत

अमेरिकेहून परतलेल्या माणसाला आमच्या साताऱ्यात तीन प्रश्न विचारतात. नायगारा पाहिलात का? बर्फ लागलं का? आणि आमच्यासाठी काय आणलंत? मी नायगारा पाहिला नाही. टेक्सासात ऑक्टोबर महिन्यात बर्फ फक्त कोकच्या ग्लासात असतं, तिथे मात्र अर्धा ग्लास तेच असतं. आणि आणलं म्हणाल तर बदामाची दोन पाकिटं आणि एक संताप. बदाम संपले. संताप अजून शिल्लक आहे, तो आज वाटून टाकते.

मी शाळेत मराठी शिकवते आणि दर निवडणुकीला सरकार मला मतदान केंद्राध्यक्ष करून कुठल्यातरी डोंगरावरच्या शाळेत पाठवतं. यंत्रं सांभाळत बाकावर झोपायचं, पहाटे गार पाण्याने तोंड धुवायचं आणि दिवसभर लोकांच्या बोटांना शाई लागताना पाहायची. शाळेतल्या सगळ्या बायका या कामाला नाकं मुरडतात. मी मात्र सोन्याच्या वाट्यांचं मंगळसूत्र घालून जाते. पूर्ण दिवस सगळं गाव माझं ऐकतं, हे सुख घरात कुठे मिळतं? त्यामुळे ऐन निवडणुकीच्या मोसमात मावशीचं बोलावणं आलं, तेव्हा मला तर परदेशी नाटक कंपनीचा प्रयोग पाहायला पहिल्या रांगेचं तिकीट मिळाल्यासारखं झालं.

गराजमधला हत्ती

सुमनमावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. भूलतज्ज्ञ डॉक्टर, आता निवृत्त. अरविंदकाका तेलाच्या कंपनीत इंजिनिअर होते, आता निवृत्त आणि त्यामुळे सगळ्या विषयांतले तज्ज्ञ. दोघं तरुणपणी आले आणि ह्यूस्टनच्या कडेच्या शुगर लँडमध्ये मुरले. जमीन इतकी सपाट, की पोळी लाटायला पोळपाट नको. आभाळ मात्र आपल्या तिप्पट. हवा कोकणातली, फक्त समुद्र कुणीतरी काढून घेतलेला. घरामागच्या तळ्याकाठी पाटी होती: मगरींना खायला घालू नका. ‘घालणार होतं कोण?’ असं मी विचारलं, तर काका म्हणाले, “मॅडम प्रिसायडिंग ऑफिसर, नियम वाचायचा, प्रश्न नाही विचारायचा.” ते मला पूर्ण मुक्कामात याच नावाने हाक मारत होते.

समोरच्या घरात लॉरेटा राहते. शाळेच्या मुख्याध्यापिका होती. उंच, पिकल्या केसांची, आणि हसली की आपल्या बाजूच्या खिडक्या वाजतील अशी. काकांना हृदयाचा त्रास झाला तेव्हा हिनेच गाडी काढली होती. मावशी तिला आपल्याला सू म्हणून हाक मारू देते, माझी आई सुमे म्हणाली तरी चिडते. तर ही लॉरेटा टेक्सासच्या विधानसभेला उभी होती. पक्ष कुठला ते मी सांगणार नाही. सांगितला की अर्धे वाचक लगेच निकाल लावून मोकळे होतील, आणि या गोष्टीत जे झालं ते या राज्यात एक पक्ष करतो, तर दुसऱ्या राज्यात दुसरा.

मावशीच्या अंगणात लॉरेटाच्या नावाची पाटी रोवलेली. रोज संध्याकाळी ती पाटी सरळ करून यायची, देवापुढचा दिवा सारखा करावा तशी. “आयुष्यात इतकी मतं दिली,” मला म्हणाली, “पण कधी ओळखीच्या माणसाला दिलं नाही गं. टीव्हीतल्या चेहऱ्यांना दिलं. हे पहिलं मत असं, की ज्याला दिलं त्याच्या घरी जाऊन चहा पिता येईल.”

“मत देऊन काय दिवे लागणार आहेत?” काका वर्तमानपत्राआडून. “इथे निकाल मार्चमध्ये लागतो. नोव्हेंबरात आपण फक्त टाळ्या वाजवायला जातो.”

“ती प्रायमरी,” मावशी म्हणाली. “आपला उमेदवार कोण ते ठरवायची पक्षांची घरगुती भानगड. आपण कशाला दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात डोकवायचं?”

हे वाक्य लक्षात ठेवा. तेव्हा मीही मान डोलावली होती.

लॉरेटाच्या प्रचारासाठी मावशीने काय करावं? सभा? पत्रकं? छे. तिने भोंडला घातला. गराजमधून दोन्ही गाड्या बाहेर काढल्या, पाटावर हत्ती काढला, आणि आसपासच्या सगळ्या मराठी बायकांना बोलावणं धाडलं. पुण्याच्या, नागपूरच्या, मुंबईच्या. कुणी सॉफ्टवेअरवाली, कुणी दातांची डॉक्टर. गाणी सगळ्यांची वेगवेगळी निघाली, त्यावरून पाच मिनिटं तत्त्वाचं भांडण झालं, ते फोनवर शोधून मिटवलं. लॉरेटा मावशीची पैठणी नेसून आली. खाली काउबॉयचे बूट. फेर धरताना तिची पावलं एकदाही चुकली नाहीत.

मग खिरापत. खिरापतीचा डबा बंद असतो आणि आत काय आहे ते पाहुण्यांनी ओळखायचं, हा नियम लॉरेटाला समजावला.

“गोड की तिखट?” तिने विचारलं. शिकवल्याशिवाय! बायका खूश.

“गोड.”

तिने डब्याजवळ नाक नेलं. मग आपल्या दारातल्या हॅलोवीनच्या भोपळ्यांच्या राशीकडे पाहिलं. “भोपळा!”

डब्यात घाऱ्या होत्या, भोपळ्याच्याच. गराज दणाणून गेलं. नागपूरची वैशाली ओरडली, “बस यार, माझं वोट हिला!” त्यापाठोपाठ सगळ्यांनी आपापली मतं जाहीर करून टाकली. लॉरेटाने मावशीला मिठी मारली आणि तिचे डोळे भरून आले. मला वाटलं पैठणीचा भार झाला असेल. कारण नंतर कळलं.

वाचनालय

इथे मुख्य दिवसाच्या बरेच दिवस आधीपासून मतदान सुरू होतं आणि काउंटीतल्या, म्हणजे जिल्ह्यातल्या, कुठल्याही केंद्रावर जाता येतं. ही सोय मला भारी आवडली. आवडलेलं आधी सांगते, म्हणजे पुढच्या शिव्या निःपक्षपाती वाटतील.

मावशी त्या दिवशी नवी सिल्कची कुर्ती घालून निघाली. काका आले नाहीत. केंद्र एका सार्वजनिक वाचनालयात होतं. दारापासून ठरावीक अंतरावर एक खूण, तिच्या आत प्रचार बंद. खुणेच्या बाहेर मात्र जत्रा! आमच्याकडे मतदानाच्या आधी दोन दिवस उमेदवारांची तोंडं बंद करतात, इथे स्वतः उमेदवार खुर्ची टाकून बसलेले. लॉरेटाही होती, मोठी हॅट घालून. तिने मला आपल्या नावाचा बिल्ला दिला, मी तो ओढणीला लावला. मावशीने तिच्या गालाला हात लावला. “आले हं तुला मत देऊन,” असं म्हणून ती आत गेली. लॉरेटा काहीतरी बोलायला गेली, तेवढ्यात कुणी दुसरं हात मिळवायला आलं.

मी बाहेरच थांबायचं होतं. पण टेक्सासातला सकाळचा बर्फाळ चहा, त्याचा ग्लास म्हणजे आपल्याकडची कळशी. वाचनालयाचं स्वच्छतागृह गाठायला मी आत शिरले आणि केंद्रावरच्या टोपीवाल्या एका आजोबांनी मला अडवलं. माझ्या ओढणीकडे बोट. बिल्ला!

वाचकहो, जन्मभर ज्या बाईने खिशाला चिन्ह लावून आलेल्या सरपंचांना परत पाठवलं, तिचा आचारसंहिताभंग परदेशात झाला. मी बिल्ला काढला, सलाम ठोकला, आणि आपणही याच धंद्यातले असल्याचं सांगितलं. आजोबा खुलले. तुमच्याकडे खोट्या मतदाराला कसं ओळखता वगैरे विचारू लागले. मी शाईचा महिमा सांगितला. ते म्हणाले, आम्ही स्टिकर देतो. मी मनात म्हटलं, स्टिकर कुर्तीबरोबर धुतला जातो, शाई नखाबरोबर वाढत वाढत जाते.

तेवढ्यात काचेच्या आतून मला हाक मारणारा मावशीचा आवाज आला. मराठीत, आणि ऑपरेशन थिएटरात वापरायचा तो.

“नंदे! यात लॉरेटा नाहीये!”

सगळं केंद्र थबकलं. मावशी यंत्रापुढे उभी, चष्मा कपाळावर. एक कर्मचारी बाई धावत गेली. मग हळू आवाजात बराच वेळ काही चाललं. मला आत जाता येत नव्हतं, आणि केंद्राध्यक्ष असून दाराबाहेर उभं राहण्यासारखी शिक्षा नाही. लांबलचक मतपत्रिका होती. न्यायाधीश निवडायचे, करवसुलीवाला निवडायचा, कधी नाव न ऐकलेल्या पदांवर कधी नाव न ऐकलेली माणसं निवडायची. आणि विधानसभेच्या जागी मावशीपुढे एकच नाव होतं. लॉरेटाचं नव्हे. कुणा एका पुरुषाचं, जो तिच्या दारी कधी आला नव्हता. कशाला येईल? समोर कुणी नव्हतंच.

मावशी बाहेर आली. छातीवर स्टिकर, चेहरा पांढरा. सरळ खूण ओलांडून लॉरेटासमोर उभी राहिली.

“तू माझ्या मतपत्रिकेत का नाहीस?”

लॉरेटा उठून उभी राहिली. हॅट काढली. “सू, रेषा आपल्या रस्त्यातून जाते. माझी बाजू माझ्या मतदारसंघात. तुझी बाजू दुसऱ्यात. मागच्या वेळी रेषा बदलल्या तेव्हापासून.”

“मग मला सांगितलं नाहीस?”

“मला वाटलं, तुला माहीत आहे. तुला मत देता येत नसतानाही तू हे सगळं करतेयस, असं समजून मी त्या दिवशी तुझ्या गराजमध्ये रडले.”

मावशी वळली आणि गाडीकडे चालू लागली. गाडीत बसल्यावर ती एवढंच म्हणाली, “मी आयुष्यभर लोकांना भूल दिली नंदे. पण आधी समजावून, विचारून. मला यांनी न विचारता दिली.”

रस्त्याची मधली रेघ

त्या संध्याकाळी काकांनी टॅबवर नकाशा उघडला. मी मतदारसंघांचे नकाशे पाहिले आहेत. नदी, घाट, तालुक्याची हद्द, असं काहीतरी समजण्यासारखं असतं. आमच्याकडेही त्यावरून रडारड होते, पण आकार पाहून हसू येत नाही. हे मतदारसंघ पाहून आधी हसू आलं. उंदराने कुरतडलेली भाकरी. मध्येच एक लांब शेपूट हायवेच्या कडेने निघून भलत्याच गावातली चार घरं तोंडात धरते. मग काका म्हणाले, “हे कोण काढतं माहितीये? निवडून आलेलेच.” आणि हसू गेलं.

भावकीत वाटणी होते तेव्हा गावचा न्याय असा, की ज्याने वाटे पाडले त्याने शेवटी उचलायचं. इथे वाटे पाडणाराच आधी उचलतो, आणि वर आपल्याला म्हणतो, या, तुमचं स्वातंत्र्य वापरा! कुठले लोक आपल्याला मत देत नाहीत ते पाहून त्यांना एकतर एकाच डब्यात कोंबायचं, नाहीतर तुकडे करून चार डब्यांत वाटायचं. मतदार नेता निवडत नाही, नेता मतदार निवडून घेतो. आणि हे चोरून नाही हो! सरकारी संकेतस्थळावर, रंग भरून!

“तू त्या माणसाला मत दिलंस?” काकांनी विचारलं.

“नाही. तो रकाना कोरा सोडला. मशीनने दोनदा विचारलं, खरंच सोडायचा का? मी म्हटलं खरंच.”

“उपयोग नाही. निकालात तो कोरेपणा कुठे दिसत नाही.”

मी सांगितलं की आमच्याकडे ‘यापैकी कोणीही नाही’ असं बटण असतं. जिंकत नाही बिचारं, पण मोजतात, निकालात वाचून दाखवतात.

मावशी माझ्याकडे वळली. “म्हणजे तुमच्याकडे राग मोजतात?”

“मोजतात.”

“आणि माझा राग कुठेच मोजला जाणार नाही?”

काकांनी टॅब बंद केला.

मग ते हळूच म्हणाले, “मार्चमध्ये त्या एका पक्षाच्या तिकिटासाठी तुझ्या बाजूला चार जण उभे होते, सुमन. खरी लढत ती होती. पक्ष कुठला जिंकणार ते रेषेनेच ठरवलेलं. माणूस कुठला, ते मार्चमध्ये ठरलं. मूठभर लोक गेले. कुणालाही जाता येतं, तुलाही आलं असतं. त्या दिवशी तुम्ही सगळ्या मराठी मंडळासाठी पुरणपोळ्या लाटत होतात.”

“आणि तुम्ही?”

“मी पुरण चाखत होतो.”

इथे माझाही तोरा उतरला. सातारा जिल्ह्यात एखादी ग्रामपंचायत बिनविरोध झाली की आम्ही पेढे वाटतो, गावाच्या एकीचे गोडवे गातो. कुणाला बसवलं, कुणाला धमकावलं, कुणी कुठल्या देवळाच्या कळसासाठी काय कबूल केलं, ते पेढ्याखाली झाकून जातं. असे पेढे मी खाल्लेत. चांगले होते. पण निदान आम्हाला माहीत असतं की निवडणूक झाली नाही. इथे एकच नाव ठेवून वर रांग, यंत्र, स्टिकर, सगळा थाट! एकच नाव असलेली मतपत्रिका म्हणजे झाकण काढून समोर ठेवलेला खिरापतीचा डबा. ओळखा पाहू आत काय आहे?

मी रस्त्यावर गेले आणि बरोबर मधोमध उभी राहिले. डावा पाय लॉरेटाच्या मतदारसंघात, उजवा मावशीच्या. दोन्हीकडे तेच गवत, तेच भोपळे, एकाच तळ्यातले डास दोन्हीकडे चावत होते. डासांना कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मावशी उठली ती बदललेली. चहा पिता पिता म्हणाली, “मला देता येत नाही ना? मग ज्यांना येतं त्यांना मी सोडणार नाही.” भोंडल्याला आलेल्या एकेकीला फोन. तू त्या रेषेच्या कुठल्या बाजूला राहतेस? अलीकडे की पलीकडे? बहुतेक जणींना पत्ताच नव्हता, आणि निम्म्याहून जास्त निघाल्या मावशीसारख्या, अलीकडच्या. वैशालीचं तर वोटच नव्हतं. ती अजून वर्क व्हिसावर. “काकू, त्या दिवशी जोशमध्ये बोलून गेले यार,” ती म्हणाली. “टॅक्स भरते फक्त.” पण गाडी ड्राइव्ह करते म्हणाली, आणि आली.

पलीकडच्या ज्या होत्या त्यांना मावशी एकेक करून घेऊन गेली. मीटिंग आहे म्हणणारीला मीटिंगमधून. मुलाचं सॉकर आहे म्हणणारीला मुलासकट. मी पुढच्या सीटवर, घाऱ्यांचा डबा मांडीवर. आमिष नव्हे, येतानाच द्यायचो! तिसऱ्या फेरीला मावशीचे गुडघे बोलू लागले, तेव्हा काका किल्ली घेऊन दारात आले.

“दिवे लागणार नाहीत,” ते म्हणाले. “पण तू रात्री गुडघ्यांबद्दल बोलणार, ते मला ऐकावं लागणार. सरक.”

लॉरेटा हरली. रेषा आखणाऱ्यांनी हिशेब नीट केला होता. त्या रात्री मावशी रस्ता ओलांडून तिच्याकडे गेली आणि दोघी पायरीवर बसून डब्यातल्या उरलेल्या घाऱ्या खात होत्या. इकडे मावशीच्या मतदारसंघातला तो न आलेला माणूस निवडून आला. टीव्हीवर त्याने मतदारांनी दाखवलेल्या विश्वासाबद्दल आभार मानले. काका टीव्हीला म्हणाले, “अहो, विश्वास नव्हे. दुसरं कुणी नव्हतं.”

सातारा

परत येऊन वर्ष उलटून गेलं. भेटेल त्याला ही गोष्ट ऐकवली, पण लिहायला बसले नाही, कारण शेवट मला आवडत नव्हता. माझा स्वभाव असा, की नाटकात पडदा पडताना निदान कुणीतरी ओरडायला हवं.

परवा संक्रांतीला मावशीचा फोन आला. मागे भांड्यांचा आवाज, आणि खिडक्या वाजतील असं एक हसू. लॉरेटा तिळगूळ वळत होती.

“नंदे, यंदा हळदीकुंकवाला वाण काय लुटतेय, ओळख.”

“स्टीलचे डबे.”

“नाही.”

“गोड की तिखट?”

“तिखट!”

“लोणचं.”

“गाडीतली जागा! प्रत्येकीला एक. मार्चमध्ये प्रायमरीला न्यायचं आणि घरी सोडायचं. अलीकडची असो की पलीकडची. कुठल्याही पक्षाच्या बाजूने जा म्हटलं, पण मार्चमध्ये जा. लॉरेटा तिच्या बाजूच्या नेणार, मी माझ्या.”

“दोन फेऱ्या माझ्या आहेत, मॅडम प्रिसायडिंग ऑफिसर,” मागून काका. “मला जबरदस्तीने दिल्यात, नोंद घ्या.”

“या वेळी तुझ्या बाजूला उभं कोण आहे?” मी विचारलं.

“मागच्याच माणसासमोर तिघं. एक तर आमच्या घरी येऊन गेला, चिवडा खाऊन गेला. एक बाई उद्या येणार आहे. तिला खूप प्रश्न विचारणार आहे मी.”

“येईल कोण निवडून?”

“मला काय माहीत?” मावशी म्हणाली. इतक्या आनंदाने हे वाक्य म्हणताना मी कुणालाही ऐकलेलं नाही. “डबा बंद आहे अजून, नंदे.”